बोअरचं पाणी आणि बारा व्होल्ट

दुपारी दोन ते साडेचार आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औशात मेडिकलवर काळं कुत्रं फिरकत नाही. सकाळची दवाखान्यातली गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळची ओपीडी सुरू व्हायची असते, आणि एप्रिल-मेमध्ये ऊन असं की ज्याला खरंच ताप आलाय तोही पाच वाजेपर्यंत कळ काढतो. बाकीचे दुकानदार या वेळात काउंटरमागं अंग टाकतात. मला दुपारी झोप लागत नाही. मी शटर अर्धं ओढतो, काउंटरवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर उलटं अंथरतो आणि पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न प्लगला लावतो. लातूरला डी.फार्म. करताना खोलीवर पॉलिटेक्निकचा एक पोरगा होता, त्याच्यामुळं लागलेला हा इलेक्ट्रॉनिक्सची किटं जोडायचा नाद. तो पोरगा पुढं विम्याच्या धंद्यात गेला, नाद माझ्याकडं राहिला.

आजवर बनवलेली बहुतेक किटं, म्हणजे पळते दिवे, टाळी वाजवली की लागणारा बल्ब, इलेक्ट्रॉनिक फासा, ही बनवून झाली की दोन दिवस सगळ्यांना दाखवायची आणि मग ड्रॉवरमध्ये. या खेपेचं किट मात्र गरजेचं होतं: टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारं, टाकी भरली की बजर वाजवणारं. आमचं खाली दुकान, वर घर, घरावर हजार लिटरची काळी टाकी. अंगणात जमिनीखाली हौद. नळ सुटला तर हौद नळानं भरतो, नाही सुटला तर बोअरनं. हौदातलं पाणी वर चढवायला एक एचपीची मोटर. मोटर लावायची आईनं, बंद करायची ज्याला आठवेल त्यानं. आणि आठवायचं कधी, तर टाकी भरून दुकानासमोर धार पडायला लागली की.

आमच्या जिल्ह्यात दारात पाणी वाहू लागलं की लाज वाटते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याच्या आधीच्या महिन्यात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती. हे सगळं पाहिलेला आमच्या समोरचा किराणावाला माझी टाकी वाहू लागली की हातातलं माप खाली ठेवतो आणि नुसता बघतो. बोलत काही नाही. बोलला असता तर बरं.

तर किट ऑनलाइन मागवलं. कोणाकडून ते लिहीत नाही. पाकीट फोडलं की आधी यादीप्रमाणे माल तपासायचा, ही दुकानदारीची सवय. एक तपकिरी पीसीबी, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडायचे ती पाटी, चार एलईडी, चार बीसी५४७ ट्रान्झिस्टर, दहा-एक रेझिस्टन्स, एक कंडेन्सर, बजर, अडॅप्टरचं सॉकेट, वायरी कसायचे कनेक्टर आणि झेरॉक्स केलेला एक कागद. कागदावरची आकृती इतकी काळी आली होती की रेघा कुठल्या आणि घडी कुठली ते कळेना. चार ट्रान्झिस्टरांपैकी तीन ५४७ निघाले. चौथ्यावर होतं ५५७.

हा ट्रान्झिस्टर अर्ध्या सेंटिमीटरचा काळा तुकडा, एका अंगानं चपटा, खाली तीन पाय. चपट्या अंगावर करड्या अक्षरांत नंबर, तोही उजेड तिरपा पडला तरच दिसणारा. ५४७ आणि ५५७ एकमेकांशेजारी ठेवले तर घरच्या माणसालाही ओळखू येणार नाहीत. पण ५४७ एनपीएन, ५५७ पीएनपी, दोघांत प्रवाहाची दिशा बरोब्बर उलटी. त्याच तीन भोकांत तो मजेत बसला असता, सोल्डर झाला असता, आणि चौथा एलईडी लागला नसता. मग माणूस आपल्याच जोडांवर संशय घेत रात्र काढतो. आमच्या धंद्यात असल्या जोड्यांना 'लुक अलाइक, साउंड अलाइक' म्हणतात: नाव मिळतंजुळतं, पट्टी सारखी, काम निराळं. तशी औषधं मी मुद्दाम लांबलांबच्या कप्प्यांत ठेवतो आणि देताना नाव मोठ्यानं वाचतो. किट बनवतानाही मी नंबर मोठ्यानं वाचतो. बायको वरून विचारते, कोण आलंय खाली.

बसस्टँडकडं जाताना एका चाचांचं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी तिथं रेडिओ आणि टीव्ही यायचे, आता इंडक्शनच्या शेगड्या, मिक्सर आणि पोत्यानं एलईडी बल्ब येतात. मी औषधं विकतो म्हणून ते मला डॉक्टरसाब म्हणतात, कितीही सांगितलं तरी.

"चाचा, ५४७ हाय का एखादा?"

"५४८ हाय. लावा, चालंल."

"चालंल का नक्की?"

"डॉक्टरसाब, तुमी नाय का देत, ह्या कंपनीची गोळी नसली की त्या कंपनीची?"

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. घरी येऊन पाहिलं तर पाय त्याच क्रमानं, जात तीच, फरक एवढाच की ५४७ पंचेचाळीस व्होल्टपर्यंत सोसतो आणि ५४८ तीसपर्यंत. आपल्याला लागणार बारा. पैसे त्यांनी घेतले नाहीत, पित्ताच्या गोळ्यांची एक पट्टी पाठवून द्या म्हणाले.

सुटे भाग ठेवायला इंजेक्शनच्या ॲम्प्यूलचे रिकामे ट्रे फार कामाचे. एका खाचेत एक रेझिस्टन्स आडवा बसतो, पंख्याच्या वाऱ्यानं उडत नाही. रेझिस्टन्सवरचे रंगाचे पट्टे वाचायचे: तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा हजार ओहम, तपकिरी-काळा-लाल म्हणजे एक हजार. दिवसाच्या उजेडात ठीक. ट्यूबलाइटखाली मातकट अंगावर लाल, नारिंगी आणि तपकिरी हे तिघं भाऊभाऊ दिसतात. म्हणून मी पट्ट्यांच्या भरवशावर राहत नाही, मीटर लावून मोजतो आणि मगच लावतो.

आता सोल्डरिंग. यावर लोक फार घाईनं लिहितात, आणि मला तर सगळ्यात जास्त रस यातच आहे.

माझी तार ६०/४० ची, म्हणजे साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं, आणि पोटात राळेचा फ्लक्स, म्हणजे टिन नीट धरावं म्हणून घातलेलं द्रव्य. १८३ अंशाला ती ढिली व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होते. मधल्या सहा-सात अंशांत ती धड घट्ट नसते, धड पातळ नसते, आणि नेमकं त्याच वेळी पाय हलला की जोड ड्राय होतो, म्हणजे वरून जुळलेला दिसतो, आतून सुटा. ६३/३७ ची तार मिळाली तर घ्यावी, तिच्यात ही मधली अवस्थाच नाही, १८३ ला थेट पातळ आणि १८३ ला थेट घट्ट. आमच्याकडं ती सहसा मिळत नाही.

पाय भोकातून ओवला, खालून जरा फाकवला की भाग पडत नाही. बिटचं, म्हणजे आयर्नच्या तापलेल्या सळईचं, टोक पायाला आणि पाटीवरच्या तांब्याच्या पॅडला, दोन्हींना एकदम टेकवायचं. मनात एक, दोन. मग तार समोरच्या बाजूनं पायाच्या बुडाशी लावायची, बिटला लावायची नाही. आधी राळ सुटते, फस्स असा आवाज येतो, धुराची बारीक रेघ निघते. मग टिन, म्हणजे वितळलेली तार, एकदम धरतं. पायाला वेढा घालतं, पॅडच्या कडेपर्यंत पळतं आणि तिथं थांबतं, आणि मधोमध पायावर थोडं चढतं. आधी तार काढायची, मग बिट. यानंतरचा अर्धा सेकंद मी भिंगातून बघतो. जोड अजून ओला चकाकत असतो आणि बघता बघता एका कडेकडून दुसऱ्या कडेकडं एक पुसट सावली सरकत जाते. ती पलीकडं पोचली की जोड घट्ट झाला. तोवर श्वास सोडायचा नाही, फुंकर तर अजिबात मारायची नाही. चांगला जोड कडेनं उतरता असतो. गोल गोळी झाली असेल तर टिन वर बसलंय, धरलेलं नाही, पुन्हा तापवा.

साध्या तांब्याच्या बिटला कानशीनं घासून टोक काढता येतं, कारण टिन तांब्याला खात जातं आणि टोकाला खड्डा पडतो. वर मुलामा असलेल्या बिटला मात्र कानस दाखवायची नाही, मुलामा गेला की ती बिट संपली. तिला ओल्या स्पंजवर पुसायचं आणि ठेवताना टोकाला थोडं टिन राहू द्यायचं.

धुराबद्दल लोक मला दुकानदार म्हणून विचारतात, त्यात शिसं असतं का. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, तो धूर राळेचा. पण राळेचा म्हणून निरुपद्रवी नव्हे. रोज सोल्डरिंग करणाऱ्या कामगारांना त्यानं दमा लागतो हे वैद्यकाला चांगलं माहीत आहे. ज्याच्या घरी इनहेलर आहे त्यानं पंखा असा लावावा की धूर तोंडावर येणार नाही. शिसं पोटात जातं ते हातावाटे, तार चिमटीत धरून धरून बोटं काळपट होतात त्यावाटे. साबणानं हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायचा नाही, आणि तार दातात धरायची नाही. चाचा धरतात. मी दरवेळी सांगतो, ते दरवेळी हसतात.

किटातली पीसीबी हायलमची होती, म्हणजे तपकिरी, कागद आणि रेझिन दाबून केलेली. हिरव्या ग्लास इपॉक्सीपेक्षा स्वस्त आणि उष्णतेला नाजूक. एका पॅडवर बिट फार वेळ ठेवली तर तांबं सुटून वर येतं. म्हणून आधी बुटके भाग, मग उंच: रेझिस्टन्स, ट्रान्झिस्टर, एलईडी, कंडेन्सर, शेवटी बजर आणि कनेक्टर. एलईडीचा लांब पाय प्लस. कंडेन्सरच्या अंगावर पट्टा असतो ती बाजू मायनस, आणि हे उलटं झालं तर तो फुगतो, प्रसंगी फुटतो. बाकी सांगण्यासारखं काही नाही, दोन दुपारींचं काम. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन राळेचे डाग काढले. तो खर्च दुकानात धरला.

चालू केलं ते आधी काउंटरवर, प्लास्टिकच्या बरणीत. जुन्या राउटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर लावला. एक वायर तळाशी, ती प्लस. बाकीच्या चार वेगवेगळ्या उंचीवर. पाणी ज्या वायरपर्यंत चढेल तिच्यातून थोडासा प्रवाह पाण्यातून जाऊन ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे मधल्या पायाला, पोचतो आणि त्याचा एलईडी लागतो. एवढंच सर्किट. पण बरणीत मी पिण्याचं पाणी ओतलं होतं, आरओचं, आणि एलईडी कसेबसे लागत होते. मग अंगणातल्या बोअरचं ओतलं. लख्ख! टीडीएसचं, म्हणजे लिटरमागं किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं, पेन बुडवून पाहिलं, आरओचं चाळीसच्या आसपास, बोअरचं अकराशेच्या वर. पाणी वीज वाहून नेतं ते त्यातल्या क्षारांच्या जोरावर. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं म्हटलंय आणि दुसरा पर्यायच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हटलंय. आम्ही त्या दुसऱ्या वाक्यात राहतो.

टाकीवर बसवलं. बजर दुकानात औषधांच्या कपाटावर, एलईडींची पट्टी काउंटरला. पहिल्यांदा बजर वाजला तेव्हा एक म्हातारी कफ सिरप घेत होती, ती घाबरून बाटली ठेवून मागं सरकली. आई वरून ओरडली, "काय वाजायलंय रे?" मी म्हणालो, टाकी भरली. मोटर बंद झाली, रस्ता कोरडा राहिला, समोरच्यानं माप खाली ठेवलं नाही.

पण उन्हाळा संपायच्या आत एलईडी एकेक करून मिणमिणायला लागले, आणि एक दिवस सगळेच गेले. टाकीचं झाकण काढून वायरी वर ओढल्या. तळाची प्लसची वायर जिथं उघडी होती तिथं तांबं जवळजवळ नाहीसं झालेलं, उरलेल्या टोकाला काळं-हिरवं किटण. आणि वरच्या चार वायरींच्या टोकांना पांढरा, खडबडीत, नखानं न निघणारा थर. आमच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तोच.

यात किटाचा दोष म्हणावा तर आहे, म्हणावा तर नाही. बारा व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा प्रवाह, रात्रंदिवस पाण्यात सोडून ठेवला की इलेक्ट्रोलिसिस होणारच. प्लसकडचं तांबं आयन होऊन पाण्यात उतरतं. मायनसच्या बाजूला पाणी अल्कधर्मी होतं आणि तिथं पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो. हिशेब फॅरेडेचा, अकरावीच्या पुस्तकातला असावा तसा सरळ: एक मिलिअँपिअर प्रवाह चोवीस तास वाहिला आणि सगळा तांबं विरघळवण्यात गेला, तर दिवसाला साधारण २८ मिलिग्रॅम तांबं जातं. या किटात एका वायरीचा प्रवाह जेमतेम तेवढाच. पण तीन वायरी बुडाल्या की तळाची एकटी वायर तिघींचा भार वाहते, म्हणजे ऐंशीच्या पुढं. मिलिमीटरभर जाडीच्या तारेचा एक सेंटिमीटर तुकडा सत्तर मिलिग्रॅम भरतो. प्रत्यक्षात एवढं जात नाही, थोडा प्रवाह बुडबुडे काढण्यात जातो, तरी वायर टिकणार नव्हती हे कागदावरच दिसत होतं. गोड्या पाण्याच्या गावात हेच किट सावकाश मेलं असतं. आमच्या पाण्यानं त्याला घाई केली.

आईला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग बरंच की. तांब्याचं पाणी चांगलं असतंय."

चाचांचा सल्ला सोपा होता: मधे एक पुश बटण टाका. बघायचं तेव्हा दाबायचं, पाच सेकंद, बास. वायर दहा वर्षं टिकेल. खरं आहे, पण बटण दाबायची आठवण राहिली असती तर मोटर बंद करायची नसती राहिली? मला बजर आपणहून वाजायला हवा होता. म्हणजे पाण्यात सतत काहीतरी सोडणं आलं, आणि ते डीसी नको असेल तर एसी. दिशा सेकंदाला हजारदा उलटली की तांबं उतरायला आणि थर बसायला सवडच मिळत नाही.

एसी कुठून आणायचा, तर ५५५. हा आठ पायांचा आयसी, म्हणजे चिप, हान्स कॅमेन्झिंड नावाच्या इंजिनिअरनं १९७१ मध्ये आखला, सिग्नेटिक्स कंपनीनं १९७२ मध्ये बाजारात आणला, आणि आजही चाचांच्या डब्यात तो चुरमुऱ्यांच्या भावानं पडलेला असतो. साडेचार ते सोळा व्होल्ट कशावरही चालतो. एक हजार आणि अडुसष्ट हजार ओहमचे दोन रेझिस्टन्स आणि १०३ लिहिलेला एक सिरॅमिक कंडेन्सर लावला की सेकंदाला साधारण हजार वेळा चालू-बंद. पण नुसतं चालू-बंद म्हणजे एसी नव्हे, त्यात डीसी लपलेला असतोच. म्हणून पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक वायरीच्या वाटेत १०४ चा कंडेन्सर घातला, तो बदलतं तेवढं जाऊ देतो आणि सरळ वाहणारं अडवतो. पाण्यातून परत आलेलं पुन्हा डीसी करून ट्रान्झिस्टरला द्यायचं, त्यासाठी प्रत्येक वायरीला दोन-दोन १एन४१४८ डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग, आणि एक छोटा कंडेन्सर.

याची तयार पीसीबी नव्हती, झिरो पीसीबीवर केलं. झिरो पीसीबी म्हणजे नुसती भोकं, रस्ते आपण पाडायचे. तयार किटात कुठला पाय कुठं हे दुसऱ्यानं ठरवलेलं असतं, तुम्ही फक्त जोडता. इथं प्रत्येक जोड का आहे हे स्वतःला सांगावं लागतं. मला हेच जास्त आवडलं. खालच्या अंगानं बोर्ड बघवत नाही इतका वेडावाकडा झालाय, पण त्यातली प्रत्येक वायर मला नावानिशी ठाऊक आहे.

लावला तर नवीनच गंमत. टाकी रिकामी, वायरी कोरड्या, आणि मधले दोन एलईडी मंद पेटलेले. पाणी नाही तर प्रवाह कशातून जातोय? चाचांनी दुकानात येऊन बघितलं, गच्चीपासून काउंटरपर्यंत आलेल्या केबलवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही तुमची वायरच कंडेन्सर झालीय." पंधरा-वीस मीटर एकमेकींना चिकटून चाललेल्या वायरी. डीसी त्यांच्यातून पलीकडं जात नव्हता, हजार हर्ट्झचं थोडंसं उडी मारून जात होतं, आणि ट्रान्झिस्टर त्या थोड्याचं मोठं करत होता. उपाय प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या बेसपासून मायनसला एक दहा हजारचा रेझिस्टन्स. गळून येणारं तिथून मायनसला निघून जातं, पाण्यातून येणारं त्याला पुरून उरतं. चार रेझिस्टन्स, आठ जोड. या खेपेला चाचांनी चहा घेतला, पित्ताची पट्टी राहू द्या म्हणाले.

पाण्यात आता तांबं ठेवलंच नाही. हार्डवेअरच्या दुकानातून ३०४ स्टेनलेस स्टीलचे लांब बोल्ट आणले, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपला वेगवेगळ्या उंचीवर भोकं पाडून कसले. स्टीलला राळेच्या फ्लक्सनं सोल्डर धरत नाही, त्याला ॲसिड लागतं, म्हणून वायरीला रिंग टर्मिनल दाबून नटखाली आवळलं. तसंही पिण्याच्या टाकीत शिशाचा जोड बुडवू नये. मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि कोणी करत असेल तर कृपा करून करू नका. गच्चीवरची केबल पाइपातून नेली, एक उन्हासाठी, दुसरं वानरांसाठी. किल्ल्याकडून टोळी आली की लोंबणारी कुठलीही वस्तू ओढून बघितल्याशिवाय ती पुढं जात नाहीत.

मधे पावसाळा आणि एक उन्हाळा गेला. बोल्टवर पाण्याचा थोडा पांढरा थर धरलाय, तो टाकी धुताना चिंचेच्या पाण्यानं निघतो. एलईडी लख्ख आहेत.

समोरच्या किराणावाल्यानं बरेच दिवस ऐकून शेवटी विचारलं, आमाला पण एक करून देता का. मी म्हणालो, सामान आणून देतो, दुपारी येऊन इथं बसा, तुमचं तुम्ही करा. मला वाटलं टाळेल. तो चष्मा घेऊन आला. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर निघाला, पुड्या बांधून बांधून असेल, आणि जोड बघून चाचांनी विचारलं की हे कोणी मारले. मी खरं तेच सांगितलं, नाइलाजानं.

आता त्याला आणि मला दोघांनाही पुढचं हवंय. टाकी भरली की मोटर आपोआप बंद, आणि हौदातलं पाणी संपलं तरी बंद, कारण उन्हाळ्यात कोरडी फिरून मोटरचं सील जळतं. किराणावाल्याचं म्हणणं, बजरच्या जागी रिले, म्हणजे छोट्या प्रवाहानं चालू-बंद होणारा स्विच, लावला की झालं. त्यानं मोबाइलवर बघितलंय. मी त्याला अडवून धरलंय. बाजारात तो छोटा शुगर क्यूब रिले मिळतो, त्यावर दहा अँपिअर लिहिलेलं असतं, आणि एक एचपीची मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, हे सगळं खरं. पण सुरू होताना ती त्याच्या पाच-सहा पट ओढते. त्या झटक्यात रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटतात, आणि मग टाकी भरो की वाहो, मोटर बंदच होत नाही. चाचा म्हणतात, रिलेनं फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा झटका सोसणारा मोठा स्विच, ओढायचा, मोटर कॉन्टॅक्टरनं. आणि २३० व्होल्टच्या वायरी या बोर्डाच्या डब्यात आणायच्याच नाहीत, त्यांना वेगळा डबा. कॉन्टॅक्टर औशात महाग सांगतात. लातूरला औषधांची ऑर्डर द्यायला जाईन तेव्हा गंजगोलाईत भाव काढून येतो, असं ठरलंय. किराणावाला म्हणतो, दोन घ्या, जोडीनं कमी करतील.